वाकड्या चाकाच्या करंज्या

परवा तुमचं गोडाचं जेवण झालं. उसन्या आणलेल्या पराती काल परत गेल्या, पाहुणे त्याआधीच पांगले, आणि आज घरात मी आणि सुमन दोघीच आहोत. तुमची लेक शाळेत शिकवते म्हणून घरात कोऱ्या वह्यांना तोटा नाही. त्यातलीच एक घेऊन बसले आहे.

तुम्ही कसे गेलात, आदल्या दिवशी काय जेवलात, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं मी तेरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. सांगून सांगून पाठ झालं. तुम्हाला ते पुन्हा कशाला सांगू, तुम्ही तिथेच होतात. मला तुमच्याशी करंज्यांबद्दल बोलायचं आहे. वीस वर्षं जे बोलायचं राहिलं, ते मी परवा चाळीस माणसांसमोर बोलून टाकलं. तुम्हाला सोडून सगळ्यांना कळलं, हे काही बरोबर नाही.

आपलं लग्न झालं तेव्हा लढाई चालू होती. साखर रेशनवर, म्हणून पेणहून माझ्या आईने रुखवतात गुळाच्या करंज्या पाठवल्या, पण साट्याच्या. तुमच्याकडे सकाळची न्याहारी म्हणजे भाकरी आणि रात्रीचं उरलेलं कालवण. तुम्ही रुखवतातली करंजी हातात घेतलीत आणि खायच्याऐवजी तिच्याकडे बघतच राहिलात. नखाने एक पदर सुटा केलात, मग दुसरा. माझी मामी म्हणाली, "जावईबापू, ती खायची असते." तुम्ही म्हणालात, "जोडली कशी आहे ते बघतो." मी मान खाली घालून बसले होते, पण हसू दाबताना पुरेवाट झाली. चाकं करणारा माणूस, कुठलीही वस्तू उलगडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, हे मला त्या दिवशीच कळलं.

घरामागे तुमचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच, चार खांब आणि वर पत्रे. पण उरणच्या रस्त्याने येणाऱ्या मिठाच्या गाड्या काय, गिरणीला भात आणणाऱ्या गाड्या काय, निम्म्यांची चाकं तुमच्या हातची. मधोमध बाभळीचा तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरची लाकडी कड, आणि शेवटी त्या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवायचा दिवस म्हणजे घरात कार्य असल्यासारखा. पहाटे गोवऱ्या रचून त्यात लोखंडी कडी तापत घालायची, लाल झाली की चार माणसांनी चिमट्यात धरून चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. वाफेने अंगण भरून जाई. लोखंड आकसलं की आरे करकरत जागेवर बसत. तो आवाज ऐकला की तुम्ही कपाळावरचा घाम पुसायचात. त्याआधी नाही.

लग्नानंतरच्या पहिल्याच धावेला तुम्ही सासूबाईंना म्हणालात, "आज न्याहारीला हिला त्या पेणच्या करंज्या करू दे."

सासूबाई म्हणाल्या, "दिवाळी आहे का आज?"

"गाडीवाल्याची आहे. नवी चाकं मिळतायत त्याला."

तेव्हापासून आपल्या घरात धावेच्या दिवशी न्याहारीला करंज्या. पनवेलात दुसऱ्या कुठल्या घरी अशी पद्धत नव्हती. सगळी आळी मला विचारायची, यांच्याकडे दर महिन्याला कसली दिवाळी असते.

करंजीचा रवा नुसता मळून भागत नाही, तो कुटावा लागतो. दुधात भिजवलेला घट्ट गोळा पाट्यावर घेऊन वरवंट्याने ठेचत बसायचं. माझे हात भरून येत. दुसऱ्या खेपेला तुम्ही दारात उभे राहून पाहिलंत आणि म्हणालात, "हे तर आमचं काम आहे." पुरुषाने चुलीपाशी बसायचं नाही हा सासूबाईंचा कायदा, तेव्हा पीठच तुमच्याकडे जायला लागलं. ओल्या फडक्यात बांधून गोळा कारखान्यात जायचा, तुम्ही दगड धुऊन नव्या लाकडी मोगरीने तो कुटायचात आणि लोण्यासारखा मऊ करून परत पाठवायचात. एकदा त्यात बाभळीची ढलपी निघाली, ती नेमकी सासूबाईंच्याच दाताखाली. त्या दिवशी तुम्ही जेवायलासुद्धा उशिरा आलात.

मग पुढचं माझं. तीन पोळ्या लाटायच्या, तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा प्रत्येकीवर फासायचा, एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करायची, तिचे तुकडे कापायचे. तुकडा असा लाटायचा की पदर वरच्या अंगाला राहतील. आत ओलं खोबरं आणि गूळ, थोडी खसखस, वेलची. दुमडायची, कड दुधाच्या बोटाने चिकटवायची, आणि कातणाने कापायची. कातणाचं दातेरी चाक कडेवरून फिरलं की करंजी झाली. मंद तुपात पदर एकेक करून फुलायचे. शेवटी उरलेल्या पिठाचा एक मोदक, कारण करंज्या केल्या की त्यांना भाऊ लागतो. तो मोदक नेहमी तुमचा.

आपलं भांडण व्हायचं ते रंगावरून. मी पांढऱ्याशुभ्र काढायची, तशाच त्या काढायच्या असतात. तुम्हाला तांबूस हव्या. "कच्च्या दिसतात गं," तुम्ही म्हणायचात, "लोखंड कसं, लाल झाल्याशिवाय बसत नाही." मी म्हणायची, करंजी म्हणजे धाव नव्हे. एकवीस वर्षांत ना तुम्ही ऐकलंत ना मी.

आता मुख्य गोष्ट. मी डावखुरी. लहानपणी आईने डाव्या हाताला चिंधी बांधून ठेवली होती आणि शाळेत मास्तरांच्या पट्टीने उरलंसुरलं काम केलं, म्हणून लिहिण्याचा हात तेवढा उजवा झाला. हे लिहिते आहे तेही उजव्यानेच. बाकी सगळं कौशल्य डाव्यात राहिलं. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्या वाईट नव्हत्या, माझ्या बाळंतपणात त्यांनी जे केलं ते आईनेही केलं नसतं. पण त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "डाव्या हातानं केलेलं मी देवापुढे ठेवणार नाही आणि माणसापुढेही नाही." मी मान हलवली. त्या घरात असल्या की उजवा हात, देवळात गेल्या की डावा.

तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. अंगणात तांदूळ वाळत घातले होते, कावळा आला. मी खडा उचलून भिरकावला आणि तो बरोबर त्याच्या शेपटीला लागला. मागे वळून बघते तर तुम्ही. मी डावा हात पदराखाली लपवला. तुम्ही म्हणालात, "नेम चांगला आहे," आणि कामाला निघून गेलात. पुढे त्यावर एक शब्द नाही.

त्यानंतरच्या धावेला, पहाटे, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना तुम्ही माझ्यापुढे एक कातण ठेवलंत. रुपयाएवढं शिसवी चाक, त्याला बारीक दाते, मधे इवलासा तुंबा, त्यातून लोखंडी आस, आणि वीतभर मूठ. गाडीच्या चाकाचं पिल्लूच. सासूबाईंचं पितळी कातण होतं, पण त्याचे दाते झिजले होते. "यानं काप," एवढं म्हणून तुम्ही आगीकडे गेलात. मी खूश झाले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, म्हणून आत्ता सांगते.

खुशी टिकली नाही. मी उजव्या हातात धरून कातण फिरवलं तर ते करंजी सोडून बाहेर पळायला लागलं. चाक मुठीत तिरकं बसवलेलं होतं. अंगठ्यासाठी मुठीला खळगी केलेली, तीही भलत्याच बाजूला. मी जोर लावून आत ओढलं तर ते एकदम करंजीच्या पोटात शिरलं. एक गेली, दोन गेल्या, चार गेल्या. तुपात गूळ सांडून करपला, घरभर धूर झाला. सासूबाई म्हणाल्या, "बाहेर माणसं बसलीत न्याहारीला आणि तू काय जाळतेस?" बाहेर जासईचे धर्माकाका होते, चाकं त्यांच्याच मिठाच्या गाडीची. त्यांच्याबरोबर पाच-सहा गाडीवाले. मी फुटक्या करंज्यांचं ताट घेऊन मागच्या दारी आले. तुमच्या अंगावर राख, चेहरा उजळलेला. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "कातण कसं चाललं?"

ते कातण मी तुमच्या पायाशी टाकलं. म्हणाले, "चाकं करणाऱ्याच्या घरात एक चाक सरळ चालत नाही."

 मग धर्माकाका हसले आणि बाकीचेही हसले. तुम्ही वाकून कातण उचललंत. एकदा माझ्या हाताकडे पाहिलंत, उजवा हात, मनगटापर्यंत तुपाने माखलेला. मग मागे दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलंत. आणि म्हणालात, "चूक झाली. गाडीच्या चाकाला थोडा कल द्यावा लागतो, नाहीतर खड्ड्यात आरे मोडतात. सवयीनं इथंही दिला गेला."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

ती गोष्ट मिठाच्या गाड्यांबरोबर उरणपर्यंत गेली. पनवेलच्या त्या सुताराची बायकोच म्हणते, त्याचं चाक सरळ चालत नाही. महिनाभरात आपल्या कारखान्याला नाव पडलं, वाकडं चाक. गाडीवाले नाक्यावर विचारायचे, वाकड्या चाकाचं घर कुठलं. काम काही कमी झालं नाही, तुमचा हातच तसा होता, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तुम्ही त्या नावाला ओ द्यायला लागलात. मला मात्र ते नाव ऐकवायचं नाही. एखाद्याच्या कामाला नाव ठेवणं वेगळं आणि बायकोने चारचौघांत ठेवणं वेगळं. माफी मागायची म्हणून मी कितीदा तोंड उघडलं असेल आणि दुसरंच काहीतरी बोलले असेन. तुम्ही एकदाही तो विषय काढला नाहीत, आणि त्यामुळे मला आणखीनच जड गेलं.

कातण सुमनचं खेळणं झालं. तिने त्याला दोरी बांधून घरभर ओढलं.

ती पाच वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. सासूबाई उरणला लेकीकडे गेल्या होत्या, धावेचा दिवस होता, आणि पितळी कातण शेजारणीने नेलं होतं ते तिने परत दिलं नव्हतं. मी वैतागून सुमनकडून तिची ती कातणाची गाडी काढून घेतली, दोरी तोडली, गरम पाण्याने धुतली. घरात दुसरं मोठं कुणी नव्हतं म्हणून हात आपोआप डावाच पुढे झाला. मूठ धरली आणि अंगठा खळगीत जाऊन बसला.

मी करंजीच्या उजव्या टोकाला चाक टेकवलं. मला काही करावंच लागलं नाही. ते आपलं आपण वळत गेलं, कडेकडेने, करंजीच्या पोटासारखं गोल, आणि डाव्या टोकाला येऊन थांबलं. दुसरी घेतली, तसंच. तिसरी घेतली तेव्हा मला दिसेनासं झालं. सुमनने विचारलं, "आई, डोळ्यांत धूर गेला?" मी हो म्हटलं.

मग मला सगळं दिसलं. चाकाचा कल, खळगी, तुमचं माझ्या हाताकडे बघणं, सासूबाईंकडे बघणं. तुम्ही तिथे एवढंच म्हणाला असतात की डाव्या हाताने फिरव, तर तुमच्या चाकाची लाज राहिली असती आणि माझी सासूबाईंसमोर गेली असती. तुम्ही चूक आपल्या नावावर घेतलीत. वर कारणसुद्धा असं दिलंत की मी पुन्हा कधी त्या कातणाचा विचार करू नये.

त्या दिवशी करंज्या घेऊन मी बाहेर आले. आता सांगू, आत्ताच सांगू, असं घोकत आले. तुम्ही एक उचललीत, फिरवून तिची कड पाहिलीत. पितळी कातणाचे दाते बारीक उठायचे, तुमच्या लाकडी कातणाचे रुंद. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. टोकाकडून एक घास घेतलात आणि म्हणालात, "जरा तांबूस हव्या होत्या." झालं, मी भडकले, आणि सांगायचं राहिलं.

त्यानंतर ते कातण खेळण्यात गेलं नाही. सासूबाई घरात असल्या की पितळी, नसल्या की तुमचं. आणि प्रत्येक वेळी तुम्ही खायच्या आधी कड पाहायचात. ही तुमची सवयच, मी स्वतःची समजूत घातली, लग्नातसुद्धा पदर उलगडून पाहिले होतेत. तुम्हाला कळलं असेल की नाही, हे मी पंधरा वर्षं ठरवू शकले नाही. सासूबाई गेल्यावर तर अडवणारं कुणी नव्हतं. पण तोवर ती गोष्ट इतकी जुनी झाली होती की ती काढायची कुठून तेच कळेना. चारचौघांत मी उजव्या हातानेच करत राहिले, आणि तुम्ही चारचौघांत वाकडं चाक म्हणून राहिलात.

मला त्या पंधरा वर्षांबद्दल रडायचं नाही. किती सकाळी चांगल्या गेल्या ते मला माहीत आहे. रस्त्यावर ट्रक वाढले, गाड्यांना रबरी चाकं आली, धावेचे दिवस दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी यायला लागले. मी विचारलं, आता करंज्या कशाच्या निमित्ताने करायच्या. तुम्ही म्हणालात, "गाडी नाही तर नाही, आपण तर आहोत." मग रविवारी करायला लागलो. तुम्ही पीठ कुटायला आता स्वयंपाकघरातच बसायचात, सासूबाईंच्या जागेवर, त्यांच्याच पाटावर. मोगरीचा ठेका ऐकून सुमन उठायची. असं घर मला मिळालं, हे मी तुम्ही असताना तुम्हाला सांगायला हवं होतं. धुण्याच्या, किराण्याच्या, छपराच्या गोष्टी रोज सांगत होते, त्यात एक ही सांगितली असती तर काही बिघडलं नसतं.

बाराव्या दिवशी धर्माकाका आले. आता काठी घेऊन चालतात, एसटीने आले. ओटीवर बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.  मग म्हणाले, "वाकडं चाक गेलं, वहिनी."

मी बारा दिवस कुणावर आवाज चढवला नव्हता. त्यांच्यावर चढवला. म्हटलं, "ते चाक वाकडं नव्हतं. धर्माकाका, कधीच नव्हतं."

 "मना म्हाईत हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत आहे?"

"तुमी डावऱ्या. ते चाक डाव्या हाताचं. त्यांनीच सांगितलं मना. एकदा माझीच धाव व्हती. न्याहारीला करंजी घेतली, मना कड दाखवली आन बोलले, बघ धर्मा, आज डाव्या हातची हाय. तिला कळलंय."

मी विचारलं, "म्हणजे त्यांना माहीत होतं? मला कळलंय हे त्यांना माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी. मी बोललो, मग बोलत का नाय वहिनींशी? तर बोलले, तिला सांगायचं असंल तवा सांगंल. करंज्या मिळतायत ना." धर्माकाका हसले आणि डोळे पुसले. "दर टायमाला कड बघायचे. कधी बारीक दात असले का बोलायचे, आज आई घरात हाय."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं तुम्ही सगळे त्यांना ते नाव का घेऊन हाक मारत होतात?"

"नाव तुमी दिलंत, वहिनी," ते शांतपणे म्हणाले. "आमी निसतं चालवलं."

खरं तेच होतं. त्यांना मी चहा दिला, आणि तेव्हाच ठरवलं.

गोडाच्या जेवणाला शिरा करायचा असं बायकांचं ठरलं होतं. मी म्हटलं, करंज्या करणार. आळीतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. करंज्या शुभाच्या, अशा दिवशी कोण करतं, आणि विधवेने तर मुळीच नाही. मी म्हटलं, त्यांना न्याहारीला करंज्या लागायच्या, शिरा नाही. सुमनने कुणाशी वाद घातला नाही. तिने रवा भिजवला, कारखान्याचं कुलूप उघडून मोगरी आणली आणि तुमच्या पाटावर बसून कुटायला लागली. तुमच्यापेक्षा हलका हात आहे तिचा, पण ठेका तोच आहे.

मी मुद्दाम आत बसले नाही. मागच्या पडवीत, पंगतीची माणसं हातपाय धुवायला येतात तिथे पोळपाट मांडला. सगळे होते. तुमचे चुलतभाऊ, गिरणीवाले, उरणकडचे चार म्हातारे गाडीवाले ज्यांच्याकडे आता ट्रकला देण्याइतका माल नाही आणि बैलही नाहीत, आणि धर्माकाका. मी कातण डाव्या हातात घेतलं. तुमच्या चुलतवहिनी म्हणाल्या, "अगं, डावा हात."

"हो," मी म्हटलं, "डावाच."

आणि करंजी कापली. कातण उजव्या टोकाकडून निघालं आणि डाव्या टोकाला जाऊन थांबलं, तुमच्या मनात होतं तसंच. मी ती करंजी तळहातावर ठेवून सगळ्यांना दिसेल अशी धरली. 

म्हटलं, "वीस वर्षांपूर्वी मी इथेच, तुमच्यातल्या काही जणांसमोर, त्यांच्या चाकाला नाव ठेवलं. चाक बरोबर होतं. ते माझ्या डाव्या हातासाठी केलेलं होतं आणि मी ते उजव्याने चालवलं. हात माझा चुकला, बोलणंही माझं चुकलं. त्यांनी कधी सांगितलं नाही. मी सांगते."

तिकडे नळाचं पाणी चालूच होतं, कुणीतरी ते बंद केलं. चुलतवहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता कुणीतरी काहीतरी बोलेल, समजूत घालेल, आणि ते मला नको होतं. पण धर्माकाका काठी टेकत पुढे आले, माझ्यासमोर उकिडवे बसले, त्यांच्या वयाला ते किती कठीण, आणि हात पुढे केला. "मना एक वाढा," ते म्हणाले. "डाव्या हातची."

तळलेली पहिली करंजी त्यांना दिली. त्यांनी खायच्या आधी फिरवून तिची कड पाहिली, अगदी तुमच्यासारखी. मग शेजारच्या गाडीवाल्याला दाखवली, त्याने पुढच्याला. खायचं सोडून सगळे म्हातारे कड बघत उभे राहिले.

सगळ्यांचं झाल्यावर तुमचं पान वाढलं. उरलेल्या पिठाचा मोदक केला होता, तो त्यावर ठेवला. शेजारी एक करंजी. ती मी शेवटी, आच वाढवून, एकटीच तळली. चांगली तांबूस होईपर्यंत. सुमनने बघितलं आणि काही विचारलं नाही. ती तुम्हाला मिळावी म्हणून ठेवली आहे. पण रंगाच्या बाबतीत मी हरले असं समजू नका, त्या पांढऱ्याच चांगल्या.